सांबरशिंगाचे वाळलेले पान

वाचकहो, कृषी विस्तार अधिकाऱ्याने लेख लिहायचा म्हणजे बियाणे, खत, कीड-रोग आणि फार तर एखादी सरकारी योजना, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खोटी नाही. पुणे जिल्ह्यात दौंड, इंदापूर, पुरंदर आणि आता भोर अशा तालुक्यांतून नोकरीची सारी वर्षे मी हेच सांगत हिंडलो आहे. आज मात्र तुम्हाला एका अशा झाडाची ओळख करून देणार आहे, की ज्याला ना फूल, ना फळ, ना बी. त्याला रान लागत नाही, एवढेच काय, मूठभर मातीही लागत नाही. भिंतीवर टांगलेल्या फळीवर ते राहते आणि वर्षानुवर्षे जगते. पण त्याच्याशी वागण्याची एक रीत आहे. ती ज्याला समजली त्याच्याकडे ते फोफावते. जो त्याला टापटीप करायला जातो त्याच्याकडे ते दोन-तीन महिन्यांत मान टाकते.

माझे बिऱ्हाड पुण्यात बिबवेवाडीला आहे. तुमच्यापैकी जे कांदा, बटाटा, भाजीपाला घेऊन गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतात, त्यांना हा भाग ठाऊक असेल. यार्डातून पायी निघालात तर अर्ध्या तासात आमच्या घरी पोचाल. वाडी आता नावापुरतीच उरली आहे. चहूकडे इमारती, मधूनमधून जुन्या वस्तीची घरे आणि पाठीशी टेकडी. सकाळी स्वारगेटला जाऊन भोरची एसटी धरायची आणि संध्याकाळी परत यायचे, हा माझा नेम. घराच्या गॅलरीत उत्तरेकडच्या भिंतीवर आज अशा आठ फळ्या टांगलेल्या आहेत. त्या माझ्या हातच्या नाहीत, माझ्या आईच्या हातच्या आहेत. पण तिच्याकडे मागाहून येतो. आधी झाडाची कुळकथा ऐका.

नाव आणि गाव

नर्सरीवाले या झाडाला 'स्टॅगहॉर्न फर्न' म्हणतात. फर्न म्हणजे आपला नेचा. पावसाळ्यात विहिरीच्या कपारीत, ओढ्याच्या काठाला जी नक्षीदार पाने उगवतात, ती नेच्याचीच. स्टॅगहॉर्न म्हणजे सांबराचे शिंग. या झाडाचे पान टोकाकडे फाटत जाते; एकाचे दोन, दोनाचे चार, अगदी सांबराच्या शिंगासारखे. त्याचे शास्त्रीय नाव प्लॅटिसेरियम. ग्रीक भाषेत त्याचाही अर्थ 'रुंद शिंग' असाच होतो.

पूर्वी काही घरांत खऱ्या सांबरशिंगाचा तुकडा जपून ठेवलेला असे. दुखऱ्या जागेवर सहाणेवर उगाळून त्याचा लेप देत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिंगांच्या व्यवहाराला आळा बसला, ते योग्यच झाले. आमच्या घरी या झाडालाच सांबरशिंग म्हणतात. हे शिंग बाळगायला कायद्याची आडकाठी नाही.

जगात याच्या सुमारे अठरा जाती आहेत. आफ्रिका, मादागास्कर, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलिया हा त्यांचा मुलूख; एकच जात दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या बाजूला आढळते. आपल्या देशात रानात वाढणारी जात मणिपूरकडची. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे एकोणिसाव्या शतकातले अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच यांचे नाव तिला दिलेले आहे. पुण्याच्या नर्सऱ्यांत बहुतेक वेळा जी मिळते ती मात्र बायफर्केटम नावाची, पूर्व ऑस्ट्रेलियाच्या जंगलातली. ती सर्वांत काटक. नवख्या माणसाने तीच घ्यावी.

आपले बाशिंग

महाराष्ट्राच्या रानात सांबरशिंग नाही. पण त्याच्या कुळातला एक भाऊबंद आपल्याकडे आहे आणि तुमच्यापैकी कोकणातल्या, मावळातल्या वाचकांनी तो नक्की पाहिला आहे. जुन्या आंब्याच्या खोडावर, फणसावर, नाहीतर ओल्या कातळावर एक झुपका चिकटलेला असतो. खाली तपकिरी, कागदासारखी कुरकुरीत, कातरलेल्या काठांची पाने, आणि त्यांतून वर निघालेली लांब हिरवी पाने. नवरदेवाच्या कपाळावर बांधावे तसे ते झाडाला बांधलेले दिसते. त्याचे नावच बाशिंग. कुणी त्याला अश्वकात्री म्हणतात. शास्त्रज्ञ ड्रायनेरिया म्हणतात.

पुष्कळ शेतकरी बाशिंगाला बांडगूळ समजतात आणि कोयत्याने खरवडून टाकतात. या दोहोंत मोठा फरक आहे. बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपले मूळ खुपसते आणि तिचा रस पिते. ते काढलेच पाहिजे. बाशिंग झाडावर फक्त बसते. त्याची मुळे सालीच्या वरवर राहतात. ते झाडाकडून आधार घेते, अन्न घेत नाही. सांबरशिंगाचेही तसेच आहे. म्हणून तर ते फळीवर सुखाने राहते.

मग खाते काय? इथेच त्या वाळलेल्या पानाची कथा सुरू होते. बाशिंगाला आणि सांबरशिंगाला दोन तऱ्हेची पाने येतात. एक हिरवी, लांब. ती ऊन घेऊन अन्न तयार करतात आणि बीजाणू धरतात. दुसरी रुंद, ढालीसारखी. ती खोडाला, नाहीतर फळीला चापून बसतात. सांबरशिंगाची ही ढाल सुरुवातीला हिरवी असते, काही महिन्यांत तपकिरी पडते, वाळते. पण गळत नाही. जुन्या ढालीवर नवी येते, तिच्यावर आणखी नवी. असे थरावर थर साचतात.

ते वाळलेले थर चार कामे करतात. झुपक्याला आधाराशी घट्ट धरून ठेवतात. मुळांवर पांघरूण घालून त्यांना उन्हापासून वाचवतात. पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेतात. आणि ढालीची वरची कड जी ओंजळीसारखी उघडी असते, तिच्यात झाडावरून पडणारा पालापाचोळा, पाखरांची विष्ठा, मेलेले किडे असे सारे साठवून कुजवतात. या कुजलेल्या खतावर झाड जगते. रानात त्याला दुसरे कुणी काही घालत नाही. म्हणजे डोळ्यांना जे मेलेले दिसते, त्याच्याच आत मुळे जिवंत असतात.

कणगी

तीन वर्षांपूर्वी वडील वारले. गावाकडच्या घरात आई एकटी पडली, म्हणून तिला आम्ही बिबवेवाडीला आणले. तिने पंच्याहत्तरी ओलांडलेली. माहेर हिरडस मावळातले, सगळा जन्म भाताच्या खाचरात आणि गुराढोरांत गेलेला. शहरातल्या घरात म्हाताऱ्या माणसाला काम उरत नाही. हा कुणाचा दोष नव्हे, जागाच तशी असते. गोठा नाही, चूल नाही, परडे नाही, खळे नाही. कुकराची शिट्टी, गॅसची शेगडी, लिफ्टचे दार, सारे परके. सून म्हणे, "आई, तुम्ही बसा." नातवंडे म्हणत, "आजी, तू बस." सगळे प्रेमानेच म्हणत. आई बसे. खिडकीशी बसून रस्ता बघे. कुणी पाहुण्याने विचारपूस केली की म्हणे, "माजं काय, पिकलं पान. आज हाय, उद्या न्हाई."

दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते. त्या जानेवारीत तिथल्या एका स्टॉलवरून मी एक सांबरशिंग आणले. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींनीही एक घेतले. घरी आणून ते टेबलावर ठेवले, तर आई काठी टेकत आली, वाकून बघितले आणि म्हणाली, "आरं, ह्ये तर बाशिंग! फळीवर कुनी बांदलं?"

मी तिला सांगितले की हे बाशिंग नव्हे, त्याचा लांबचा भाऊ आहे, परदेशातून आला आहे. तिने ते मानले नाही आणि एका अर्थी तिचेच खरे होते. थोरल्या नातीने तपकिरी पानाला हात घातला, "आजी, हे वाळलंय, काढून टाकू?" तशी आईने तिचा हात धरला. म्हणाली, "नगं गं बाय. आमी पोरं आंब्यावरच्या बाशिंगाचं सुकं पान वढायचो, आन् समदा गड्डाच खाली यायचा. ती त्येची कणगी हाय."

वाचकहो, कृषी महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकलो आहे. पण ढालीसारख्या पानाचे काम इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितले नव्हते. कणगीत वर्षाचे धान्य असते. ती बाहेरून कुडाची आणि शेणाने सारवलेली, दिसायला काही सुंदर नसते. म्हणून कुणी ती फोडत नाही.

समोरच्या वहिनींच्या घरी दिवाळीची साफसफाई निघाली. झाड वर्षभर छान वाढले होते. तपकिरी पाने तेवढी विद्रूप दिसतात म्हणून त्यांनी ती एकेक करून सोलून काढली, मुळे उघडी पडली, वरून पाणी मारून ती स्वच्छही केली. संक्रांतीला ते झाड गेले. वहिनींना फार वाईट वाटले. आई त्यांच्याकडे जाऊन बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी मायेनंच केलं, पर कणगी फुटली."

ही गोष्ट ऐकताना मला ऊसपट्टा आठवला. दौंड-इंदापुरात असताना ऊस तुटून गेला की संध्याकाळी शिवारात धुराचे लोट दिसत. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते पेटवले की रान मोकळे, स्वच्छ दिसते, पाणी द्यायला सोपे जाते. हेच पाचट सरीत राहिले तर खोडव्याला ओल टिकते, तण दबते आणि कुजल्यावर जमिनीचा कस वाढतो. हे आम्ही सभांतून सांगत आलो, आकडे देऊन सांगत आलो. पुढे कुठल्या सभेत हे सांगायचे झाले तर मी आकड्यांच्या आधी आईची कणगी सांगतो. बायाबापड्यांना ती लगेच पटते.

फळीवर कसे बसवावे

आता ज्यांना हे झाड घरी लावायचे आहे त्यांच्यासाठी कामाची माहिती देतो.

जून-जुलै हा लागणीचा उत्तम काळ. एक हातभर लांब, वीतभर रुंद अशी जुन्या लाकडाची फळी घ्या. तिला रंग, डांबर किंवा वाळवीचे औषध लावलेले नसावे. फळीच्या वरच्या बाजूला टांगण्यासाठी तार ओवून घ्या. मध्यभागी नारळाचा काथ्या सुटा करून, भिजवून, पिळून मूठ-दोन मुठी पसरा. नर्सरीत शेवाळासारखे मॉस मिळते. ते असेल तर काथ्यात मिसळा. शेणखताचा गोळा मात्र ठेवू नका. तो ओल धरून बसतो आणि मुळे कुजतात.

झाड कुंडीत असेल तर हळुवार बाहेर काढा. सैल माती झाडून टाका, मुळे तोडू नका. ढालीच्या मधोमध एक कोंब दिसेल. तो झाडाचा डोळा. तिथूनच पुढची सारी पाने येणार. डोळा उघडा राहील, हिरवी पाने बाहेरच्या अंगाला झुकतील आणि ढालीची उघडी ओंजळ वरच्या बाजूला येईल, असे झाड काथ्यावर ठेवा. मग तंगूसाने किंवा सुती दोरीने ढालीवरून आडवेतिडवे बांधा. डोळ्यावरून दोरी जाता कामा नये. तांब्याची तार वापरू नका, तांबे नेच्यांना मानवत नाही. सहा-आठ महिन्यांत नव्या ढाली फळीला चिकटतात आणि दोरी त्यांच्याखाली झाकली जाते. मग ती काढायची गरज नाही.

पाणी हाताने जोखावे

या झाडाला पाणी घालण्यापेक्षा पाण्यात घालावे हे उत्तम. बादलीभर पाण्यात फळी १५ ते २० मिनिटे बुडवून ठेवायची, मग निथळू द्यायची आणि पुन्हा टांगायची. पुण्याच्या हवेत मार्चपासून मेअखेर दुपारी हवा ठणठणीत कोरडी असते. तेव्हा आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा बुडवावे लागते आणि सकाळी पानांवर हलका फवारा मारावा लागतो. पावसाळ्यात हवाच दमट असते. बारा-पंधरा दिवस पाणी दिले नाही तरी चालते. थंडीत आठ-दहा दिवसांनी एकदा पुरे.

पण हे अंदाज झाले. प्रत्येक घराचे ऊन-वारे निराळे. आईची परीक्षा याहून चांगली आहे. ती फळी हातात घेते आणि सुपातले धान्य जोखावे तशी जोखते. "हलकं लागतंय" म्हणाली की बुडवायचे. जड लागले की तसेच टांगायचे. हिरवी पाने मरगळली, त्यांची टोके वाळू लागली तर पाणी कमी पडते आहे. बुडखा काळा पडला, हाताला मऊ लागला तर पाणी जास्त झाले. कमी पाण्याने आजारी पडलेले झाड सुधारते, जास्त पाण्याने कुजलेले सहसा सुधारत नाही. जिराईत शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. बागायतदाराला दोनदा सांगावे लागते.

बोअरचे पाणी खारे असेल तर पानांवर पांढरे डाग पडतात. शक्य असेल तर पावसाचे पाणी साठवून वापरा.

ऊन, खत आणि रोगराई

उजेड भरपूर हवा, पण दुपारचे ऊन नको. उत्तरेची किंवा पूर्वेची गॅलरी, पडवी, नाहीतर आंब्याची सावली उत्तम. पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिलमध्ये टांगलेत तर पाने भाजतील. अगदी अंधाऱ्या खोलीत ते मरत नाही, पण वाढतही नाही. वाऱ्याची झुळूक मात्र हवी.

खत अगदी हलके. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ हे खत लिटरला एक ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही जून ते ऑक्टोबर या वाढीच्या काळात. ज्यांना रासायनिक नको त्यांनी चाळलेले गांडूळखत फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात ठेवावे आणि ते पाणी फिकट चहाच्या रंगाचे करून द्यावे. ओंजळीत चार सुकी पाने टाकली तरी त्याला आवडते.

दोन गोष्टींना लोक रोग समजतात आणि त्या रोग नसतात. कोवळ्या पानांवर पांढरट लव असते. ती भुरी नव्हे. ती लव पानातले पाणी उडू देत नाही. फडक्याने पुसू नका. आणि मोठ्या पानांच्या टोकाशी, खालच्या अंगाला, तपकिरी मखमलीसारखा थर येतो; तो तांबेरा नव्हे. ते बीजाणू आहेत, म्हणजे झाड वयात आले आहे.

खरी कीड म्हणजे खवले कीड आणि पिठ्या ढेकूण. बहुधा पानाच्या मागे, शिरेला धरून बसतात. मऊ ब्रशने किंवा कापसाच्या बोळ्याने टिपून काढा. तेलकट औषध फवारू नका, नेच्याची पाने त्याने खराब होतात. पावसाळ्यात गोगलगाय कोवळे कोंब खाते. रात्री बॅटरी घेऊन बघावे आणि वेचून काढावी.

पिल्ले

बायफर्केटम जातीचे झाड दोन-तीन वर्षांचे झाले की ढालीच्या काठाने पिल्ले धरते. केळीला मुनवे येतात तसेच. पिल्लाची स्वतःची ढाल तळहाताएवढी झाली की जूनच्या पहिल्या पावसानंतर धारदार सुरीने, थोडी मुळे आणि ढालीचा भाग धरून, ते वेगळे करावे आणि नव्या फळीवर बांधावे. सुपरबम नावाची मोठी जात पिल्ले देत नाही. तिची रोपे बीजाणूंपासूनच करावी लागतात आणि त्या कामाला वर्षे लागतात.

आमच्याकडे पहिली पिल्ले आईने काढली. मी सुरी दिली आणि दिवा धरला. पहिली फळी तिने समोरच्या वहिनींना नेऊन दिली. त्यानंतर घरातले चित्र हळूहळू पालटले. कुठे काथ्या दिसला की ती बाजूला ठेवू लागली. भंगारवाल्याकडून जुन्या खिडकीच्या फळ्या आणायला तिने नातवाला धाडले. इमारतीतल्या बाया "आजी, माझं झाड बघा ना" म्हणून दारात येऊ लागल्या. पाहुणे आले की ती आता "पिकलं पान" म्हणत नाही. त्यांना गॅलरीत नेते.

गेल्या उन्हाळ्यात तिला आठ दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. सलाईन लावलेले असताना तिने पहिला प्रश्न केला तो, "फळ्या भिजवल्या का?" घरी आल्यावर डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. नातेवाईक म्हणू लागले, झाले आता, हे सारे बंद करा, म्हातारीला आराम द्या. घरात बसून विचार केला. भरलेली बादली उचलणे हे ओझे खरे, पण फळी जोखणे हे ओझे नव्हे. तेव्हा बादली भरून स्टुलावर ठेवायचे काम नातवाने घेतले. फळी काढणे, जोखणे, बुडवणे आणि टांगणे हे आईकडेच राहिले. तिच्या हातून ओझे काढून घेतले, काम काढून घेतले नाही. ज्या घरांत वडीलधारे शेतातून उठून शहरातल्या मुलाकडे आले आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे असे मला वाटते. पिकले पान गळायचेच, ही म्हण आंब्या-वडाच्या पानाला लागू आहे. सगळ्याच झाडांचा कायदा तसा नसतो.

धंदा आणि रान

काही वाचक विचारतील, यात पैसा आहे का? थोडा आहे. फळीवर नीट बसलेले झाड पुण्यात काही शेकडा रुपयांना जाते, मोठे असेल तर जास्तही मिळतात. पण वाढ सावकाश, गिऱ्हाईक मोजके. यासाठी कुणी कर्ज काढू नये आणि पिकाखालचे रान मोडू नये. ज्यांच्याकडे भाजीच्या रोपांसाठी शेडनेट आहेच, त्यांच्या घरातल्या बायकांनी एका कडेला पाच-पंचवीस फळ्या टांगल्या तर वर्षाकाठी चार पैसे सुटतील, एवढेच मी म्हणेन.

आणखी एक विनंती. हा लेख वाचून कुणी रानातले बाशिंग ओरबाडून आणू नये. आंब्यावरचा झुपका तसा व्हायला कितीतरी वर्षे लागलेली असतात. मुळे तुटून आणलेला झुपका फळीवर बहुधा जगत नाही. झाडही गेले आणि रानही उघडे पडले. वादळात मोडलेल्या फांदीवर एखादा सापडला तर जरूर आणावा, फांदीच्या तुकड्यासकट टांगावा. उन्हाळ्यात त्याच्या हिरव्या पानांची पाती झडतात आणि नुसते दांडे उरतात. तेव्हा ते मेले म्हणून फेकू नका. तपकिरी पाने शाबूत असतील तर पहिल्या पावसात ते पुन्हा फुटेल. सांबरशिंग हवे असेल तर ते नर्सरीतून, नाहीतर कुणा शेजाऱ्याच्या पिल्लातून घ्यावे.

शेवटी टांगण्याविषयी. शोभा दिसावी म्हणून लोक फळी दारावर उंच टांगतात. मग पाणी द्यायला शिडी लागते, कंटाळा येतो आणि झाड वाळते. तुम्ही तसे करू नका. घरातल्या सर्वांत वडील माणसाला गॅलरीत किंवा पडवीत उभे करा, त्यांचा हात सहज पोचेल ती जागा बघा आणि तिथे खिळा ठोका.